उन्हाळ्यात परसातली मधपेटी तपासताना: घाटमाथ्याला एक रीत, माणदेशाला दुसरी

एप्रिलमध्ये महाबळेश्वर-जावळीच्या डोंगरात जांभूळ फुललेली असते, मागोमाग हिरडा फुलतो आणि पेटीत मध भरायला लागतो. त्याच एप्रिलमध्ये म्हसवड, आटपाडी, जत या पट्ट्यात कडुनिंबाचा बहर ओसरला की माशीला गोळा करायला फारसं काही उरत नाही आणि पेटीतला साठा रोज थोडा थोडा उतरत जातो. दोन्हीकडच्या कामाला आपण ‘उन्हाळी तपासणी’च म्हणतो, पण घाटमाथ्यावर झाकण उघडायचं ते जागा पुरते का हे बघायला आणि माणदेशात अन्न पुरतं का हे बघायला. एकाचा सल्ला दुसऱ्यानं घेतला की घोळ होतो. मधाचा हंगाम चालू असताना साखरेचं पाणी घातलं तर ते मधात उतरतं, आणि टंचाईत रिकामी मधकोठी (मध साठवायची वरची कोठी) चढवली तर पोळं पोखरणाऱ्या मेणकिड्याला आयतं घर मिळतं.

कराड, वाळवा, पलूस, मिरज हा कृष्णाकाठ या दोन्हींच्या मधला. बागायतीमुळे नारळ, शेवगा, मका, काकडी-दोडक्याचे वेल, बांधावरचा करंज आणि मेअखेरीस चिंच असं तुटक तुटक काहीतरी मिळत राहतं. इथल्या पेट्या उपाशी मरण्यापेक्षा फवारणीनं मरतात. तेव्हा आपली पेटी या तिन्हीतल्या कुठल्या उन्हाळ्यात आहे हे आधी ठरवा.

लेख मुख्यतः सातेरी, म्हणजे आपल्या देशी माशीचा आहे, कारण परसात पेटी ठेवणाऱ्याला तीच परवडते. सूर्यफूल, डाळिंबासाठी मेलिफेरा या परदेशी माशीच्या मोठ्या पेट्या ठेवणाऱ्यांना बहुतेक पायऱ्या त्याच, जिथं फरक पडतो तिथं सांगितलं आहे.

किती वेळा उघडायची

मनात येईल तेवढ्या वेळा नाही. सातेरीचा स्वभाव मेलिफेरासारखा नाही. वारंवार छेडलं, ऊन लागलं, मुंग्या चढल्या किंवा अन्न संपलं की ती तक्रार करत बसत नाही, पेटी सोडून जाते. टंचाईच्या पट्ट्यात १२ ते १५ दिवसांनी एकदा उघडणं पुरे. घाटमाथ्यावर मात्र बहर चालू असताना ८ ते ९ दिवसांच्या वर जाऊ देऊ नका. राणीचं घर (नवी राणी वाढते ते) अंडं घातल्यापासून साधारण आठव्या दिवशी बंद होतं आणि त्याच सुमारास जुनी राणी थवा घेऊन निघते. पंधरा दिवसांनी बघायला गेलात तर निम्मी पेटी समोरच्या फणसावर लटकलेली दिसेल.

मधल्या दिवसांत रोज दोन मिनिटं दारासमोर बसा. थोडं तिरकं, पेटीच्या बाजूला बसायचं. बरोबर समोर बसलं की त्यांची वाट अडते.

झाकणाआधी दार

दारावर बघायची पहिली गोष्ट म्हणजे पराग. सकाळी ७ ते ९ या वेळात आत शिरणाऱ्या माश्यांच्या मागच्या पायांवर पिवळे, पांढरट किंवा तपकिरी गोळे दिसतात का? ते बऱ्यापैकी येत असतील तर आत अळ्या आहेत आणि बहुतेक राणीही ठीक आहे, कारण पराग हे अळ्यांचं अन्न. येणंजाणं चालू आहे पण पराग जवळजवळ नाही, असं तीन-चार दिवस दिसलं तर पेटी उघडायचं कारण मिळालं.

दुसरी गोष्ट, दाराबाहेर लटकलेल्या माश्या. संध्याकाळी दाराखाली माश्यांची दाढी लोंबते ती बहुतेक वेळा उकाड्यानं. पारा चाळिशीत गेलेल्या दिवशी त्या गर्दी कमी करायला बाहेर येतात आणि रात्री उशिरा आत जातात. सकाळी आठलाही दाढी तशीच असेल आणि कामाची लगबग दिसत नसेल, तर आत जागा कमी पडते आहे किंवा थवा निघायच्या तयारीत आहे. दारात पंख हलवत वारा घालणाऱ्या माश्या म्हणजे आतली हवा गार ठेवायची धडपड. सातेरी हे काम दाराबाहेर तोंड करून करते, मेलिफेरा दाराकडे तोंड करून. दोन्ही जाती शेजारी ठेवल्या असतील तर गोंधळू नका.

तिसरी, लूट. टंचाईत सबळ पेटी दुबळीवर धाड घालते. लुटारू माशी सरळ दारात उतरत नाही, झोके घेत फटी हुंगते. दारात कुस्त्या दिसतात, फळीवर मेणाचा भुसा पडतो आणि बाहेर पडणारी माशी पोट फुगवून जड उडते. दुपारी तीनच्या आसपास पंधरा-वीस मिनिटं पेटीकडे तोंड करून घिरट्या घालणाऱ्या माश्या दिसल्या तर ती लूट नव्हे. नव्या माश्या घर ओळखायला शिकत असतात आणि तिथं भांडण अजिबात नसतं. खरोखरच लूट असेल तर पेटी उघडू नका. दार एक-दोन माश्या जातील एवढं बारीक करा, पेटीवर ओलं फडकं टाका आणि अंधार पडेपर्यंत हात लावू नका.

शेवटी दारासमोरची जमीन बघा. पांढरट, मऊ मेलेल्या अळ्या ओढून टाकलेल्या दिसल्या तर रोगाची शंका घ्या. जीभ बाहेर काढून, गोल गोल फिरत तडफडणाऱ्या प्रौढ माश्यांचा सडा दिसला तर जवळ कुठंतरी फवारणी झाली आहे.

काय हाताशी हवं

जाळीची टोपी, फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, धुराडं, पटाशी (पोळ्याच्या चौकटी, म्हणजे फ्रेम, सोडवायची चपटी पट्टी), मऊ ब्रश किंवा कोंबडीचं लांब पीस, एक ओलं सुती फडकं, झाकणाचा एक जास्तीचा डबा आणि पाण्याची बादली. डबा सुटलेल्या मेणासाठी आणि मधाळ तुकड्यांसाठी. टंचाईत हे तुकडे जमिनीवर टाकणं म्हणजे लुटीला आवतण. जाड हातमोजे नकोत. त्यात बोटांना काही कळत नाही आणि माश्या चिरडतात. फारच भीती वाटत असेल तर पातळ रबरी मोजे घाला. अत्तर, वासाचं तेल टाळा. पिकलेलं केळंही त्या सकाळी खाऊ नका, डंखाबरोबर जो इशाऱ्याचा वास सुटतो त्यातला मुख्य घटक केळ्याच्या वासाशी जुळतो.

धुराड्यात गोवरीचा तुकडा, जुनं गोणपाट किंवा नारळाचं सोडण. गोणपाट ज्यात खत किंवा औषध होतं असं नको. धूर पांढरा आणि गार हवा: तळहातावर सोडून बघा, चटका बसला तर वर मूठभर हिरवं गवत कोंबा. मे महिन्यात सगळीकडे वाळलेलं गवत असतं, म्हणून धुराडं पेटीच्या झाकणावर किंवा जमिनीवर ठेवू नका, बादलीच्या काठाशी विटेवर ठेवा आणि काम संपल्यावर तोंड हिरव्या गवतानं बुजवून विझल्याची खात्री करा. पेटीपायी वणवा लागला तर गाव तुम्हाला पुन्हा पेटी ठेवू देणार नाही.

शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा, मुलांना आत बोलवा आणि पेटीजवळ म्हैस किंवा बैल बांधलेला असेल तर सोडून लांब न्या. बांधलेल्या जनावराला पळता येत नाही.

वेळ

घाटमाथ्यावर सकाळी ८ ते १० उत्तम. कामकरी माश्या बाहेर गेलेल्या असतात, पेटीत गर्दी कमी. माणदेशात सकाळी ७ ते साडेआठ, किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर. टंचाईत आम्ही संध्याकाळच जास्त बरी समजतो, कारण लवकरच अंधार पडतो आणि वासानं जमलेल्या लुटारू माश्यांना घरी जावं लागतं. तोटा एवढाच की सगळ्या माश्या घरी असतात आणि जरा जास्त डसतात. जोराचा वारा असताना, किंवा वळवाचे ढग दाटून आले असताना पेटी उघडू नका, त्या वेळी सातेरी नेहमीपेक्षा तापट असते.

एक पेटी ६ ते ८ मिनिटांत बंद झाली पाहिजे. त्यासाठी उघडण्याआधी ठरवा की आज काय बघायचं आहे. सगळंच बघायला गेलं की वेळ जातो.

उघडणं

पेटीच्या मागे किंवा बाजूला उभे राहा. उघडण्याआधी मागच्या बाजूनं एका हातानं पेटी बोटभर उचलून वजनाचा अंदाज घ्या. दर वेळी हे केलं की दोन-तीन तपासण्यांनंतर हातालाच कळतं, साठा चढतोय की उतरतोय.

दारात धुराचे दोन हलके झोत द्या आणि अर्धं मिनिट थांबा. सातेरीला धूर कमीच लागतो. जास्त दिला तर ती पोळ्यावरून पळत सुटते, कोपऱ्यात गठ्ठे करून लोंबते, आणि मग त्या घोळक्यात राणी शोधणं अशक्य. वरचं झाकण काढून बाजूला उलटं ठेवा. आतलं झाकण पटाशीनं एका कोपऱ्यातून हलकेच उचला, एक झोत फ्रेमवरून आडवा सोडा. आतल्या झाकणाच्या खालच्या बाजूला राणी नाही ना, हे बघूनच ते ठेवा.

लगेच ओलं पिळलेलं फडकं फ्रेमवर पसरा आणि ज्या फ्रेमवर काम चालू आहे तेवढीच जागा उघडी ठेवा. ऊनही लागत नाही, वासही पसरत नाही, माश्याही शांत राहतात. उन्हाळी तपासणीत या फडक्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

पहिली फ्रेम कडेची काढायची, मधली कधीच नाही. कडेला बहुतेक मध असतो, पिल्लं नसतात आणि राणीही सहसा नसते. सातेरी मेलिफेरासारखा चिकट डिंक लावत नाही, त्यामुळे फ्रेम सहज सुटतात, पण मेणाचे छोटे पूल शेजारच्या पोळ्याला जोडलेले असतात. ते पटाशीनं आधी कापा. नाहीतर फ्रेम वर येताना शेजारचं पोळं फाडून आणते. काढलेली कडेची फ्रेम पेटीला टेकवून सावलीत उभी ठेवा. आता झालेल्या जागेत एकेक फ्रेम सरकवत नेता येते आणि माश्या चिरडत नाहीत.

आता ज्यात नवशिके हमखास चुकतात ते: फ्रेम उलटवणं. मधमाशीचं मेण वितळतं ६२ ते ६४ अंशांना, पण चाळिशीच्या वर ते इतकं मऊ पडतं की मधानं भरलेलं नवं पोळं स्वतःच्या वजनानं तुटतं. म्हणून पोळं कधी आडवं, ताटासारखं धरायचं नाही. फ्रेम दोन्ही हातांनी कानांना धरून डोळ्यांसमोर उभी धरा आणि पुढची बाजू बघा. मग उजवा हात वर उचलून वरची पट्टी उभी करा, त्या उभ्या पट्टीभोवती फ्रेम अर्धा फेरा फिरवा, आणि उजवा हात खाली आणा. आता मागची बाजू समोर आली, वरची पट्टी तळाला गेली आणि पोळं सगळा वेळ उभंच राहिलं. परत ठेवताना हेच उलट. हे सगळं पेटीच्या वरच करायचं. राणी पडली तरी पेटीत पडेल. घरी रिकाम्या फ्रेमवर आधी सराव करून बघा.

फ्रेमवर काय वाचायचं

राणी दिसलीच पाहिजे हा हट्ट सोडा. अंडी दिसली की काम झालं. अंडं तीन दिवस अंडं राहतं, म्हणजे ते दिसलं तर निदान तीन दिवसांपूर्वीपर्यंत राणी घालत होती. सूर्य पाठीशी घ्या, फ्रेम थोडी तिरकी करा म्हणजे उजेड घराच्या तळापर्यंत जाईल. एका घरात, तळाच्या मधोमध, एकच बारीक पांढरी काडी: राणीचं काम. एकाच घरात दोन-तीन अंडी, तीही भिंतीवर चिकटलेली, आणि कामकरी घरांवर फुगीर टोप्या: राणी नाही, कामकरी माश्या अंडी घालायला लागल्या आहेत. सातेरीत ही पाळी लवकर येते. अशा पेटीला नवी राणी देण्याच्या भानगडीत न पडता ती राणी असलेल्या सबळ पेटीत मिसळून टाकावी. संध्याकाळी सबळ पेटीच्या पिल्लांच्या कोठीवर वर्तमानपत्राचा एक कागद ठेवा, टाचणीनं दहा-बारा भोकं पाडा, वर दुबळी कोठी ठेवा. दोन-तीन दिवसांत माश्या कागद कुरतडतात आणि तोवर दोघींचा वास एक झालेला असतो. दोन्हीकडे रोग नाही याची खात्री करूनच.

मेणाची टोपी बसलेली, म्हणजे बंद, पिल्लांची घरं सलग हवीत. मधे मधे रिकामी, विखुरलेली दिसली तर राणी म्हातारी झाली आहे किंवा रोग आहे. मात्र उन्हाळ्याच्या टंचाईत राणी मुळात अंडी कमी घालते, त्यामुळे माणदेशात मे महिन्यात पिल्लांचं क्षेत्र आटलेलं दिसलं म्हणून राणी मारायला निघू नका. आधी अन्न बघा.

नराच्या बंद घरांच्या टोपीवर सातेरीत मधोमध टाचणीएवढं भोक असतं. ते नैसर्गिक आहे, रोग नाही.

राणीघरं कुठं आहेत त्यावर अर्थ ठरतो. पोळ्याच्या खालच्या कडेला पाच-सहा लोंबत असतील आणि पेटी माश्यांनी भरलेली असेल तर थवा निघणार. पोळ्याच्या मध्यावर एक-दोनच असतील तर बहुधा माश्या जुनी राणी बदलत आहेत. त्यांना ते करू द्या, घरं मोडू नका.

साठ्याचा अंदाज: पिल्लांच्या वर बंद मधाचा पट्टा निदान तीन-चार बोटं रुंद, आणि कडेच्या एक-दोन फ्रेमवर तळहाताएवढा बंद मध. यापेक्षा कमी असेल आणि बाहेर फुलोरा नसेल तर खायला द्यावं लागेल.

आणि टंचाईच्या पट्ट्यातला सगळ्यात महत्त्वाचा नियम: जेवढ्या माश्या तेवढीच पोळी. माश्यांनी झाकलेली नाहीत अशी रिकामी पोळी काढून घ्या, उरलेली एकत्र सरकवा आणि शेवटी फळी घालून जागा आवळा. पाच फ्रेमवर माश्या गच्च असलेली पेटी मे काढते. त्याच माश्या आठ फ्रेमवर पांगलेल्या असतील तर मेणकिडा जिंकतो. फ्रेम परत ठेवताना क्रम आणि तोंड तेच ठेवा आणि दोन पोळ्यांत माशीला फिरायला सुमारे ८ मिमी जागा राहील असं बघा. मेलिफेराला ही जागा थोडी जास्त, ९ ते १० मिमी.

तळपाट

बरेच जण फ्रेम बघून झाकण लावतात आणि तळपाट तसाच राहतो. सातेरी जुनी काळी पोळी स्वतःच कुरतडून खाली टाकते, आणि तो भुसा हीच मेणकिड्याची पहिली कोठी. तपासणीत तळपाट बदला किंवा खरवडून स्वच्छ करा. कोरडा तपकिरी भुसा असेल तर पोळं जुनं झालंय एवढंच. त्यात काळपट बारीक लेंड्या आणि रेशमी जाळं असेल तर मेणकिडा आत आहे. पोळ्यातून जाळीचे बोगदे गेलेले दिसतील. थोडं लागलं असेल तर तेवढा भाग कापा, बोगद्याच्या तोंडाला पटाशीनं टकटक केलं की अळी बाहेर येते. जास्त असेल तर पूर्ण पोळं काढा. काढलेली चांगली पोळी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून घरच्या डीप फ्रीजरमध्ये दोन दिवस ठेवली की अंडी-अळ्या मरतात. नंतर बंद डब्यात ठेवा. उन्हात वाळवायला टाकू नका, आपल्याकडच्या मे महिन्यात मेणाचा गोळाच हाती येईल.

रोगाची शंका

सातेरीचा खरा शत्रू थाई सॅकब्रूड हा विषाणू. १९९१-९२ मध्ये दक्षिण भारतात त्यानं सातेरीच्या बहुतेक पेट्या संपवल्या. खूण अशी: अळी पूर्ण वाढते पण कोषात जात नाही, घरात पाठीवर ताणून पडते, डोकं वर वळलेलं असतं, आणि चिमट्यानं उचलली तर कातडीच्या पिशवीत पाणी भरल्यासारखी अख्खी निघते. दुर्गंधी नसते. यावर औषध नाही, कुणी विकत असेल तर घेऊ नका. त्या पेटीची फ्रेम दुसरीत घालू नका, पटाशी आणि हात साबणानं धुवा, शक्य असेल तर राणी काही दिवस अडकवून अंडी थांबवा आणि पुढं सबळ, निरोगी पेटीतली राणी द्या. अळी लहान असतानाच पिवळट पडून वेडीवाकडी झाली आहे आणि आंबूस वास येतोय, तर तो जिवाणूचा रोग. नमुना तपासायला पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वरला खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालयही आहे, प्रशिक्षणासाठी तिकडं विचारावं. त्याच तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ झालं. पेट्या कशा मांडतात हे बघायला एक फेरी वाया जात नाही.

मेलिफेरा ठेवणाऱ्यांनी व्हरोआ गोचीड मोजावी. अर्धा कप, म्हणजे साधारण ३०० माश्या पिल्लांच्या फ्रेमवरून बरणीत झटकून घ्या (राणी नाही ना, बघा), दोन चमचे पिठीसाखर टाकून जाळीच्या झाकणातून पांढऱ्या ताटलीत हलवा आणि पडलेल्या गोचिडी मोजा. सातेरीत व्हरोआ जवळपास नराच्याच घरांत वाढते, तिची काळजी नको.

ऊन, पाणी, मुंग्या

पिल्लांच्या भागाचं तापमान माशीला ३३ ते ३६ अंशांतच ठेवावं लागतं. बाहेर ४१ असेल तर ती पाणी आणून, पोळ्यावर पसरून, पंखांनी वारा घालून ते उतरवते. पेटी उन्हात असेल तर निम्मी फौज मध सोडून पाणी वाहत बसते. दार पूर्वेला किंवा आग्नेयेला ठेवा, दुपारी अकरानंतर पेटीवर सावली हवी. झाड नसेल तर पेटीच्या दोन-तीन फूट वर शेडनेट किंवा नारळाच्या झावळ्यांचा मांडव घाला. कृष्णाकाठी उसाचं पाचट फुकट मिळतं, ते झाकणावर चार बोटं जाड टाकून वर ओलं गोणपाट टाकलं तरी पुष्कळ फरक पडतो. पत्र्याचं झाकण थेट आतल्या झाकणावर टेकू देऊ नका, दोन पातळ काड्या घालून हवेची फट ठेवा. मात्र फट माशी जाईल एवढी नको, नाहीतर लुटारूंना मागचं दार मिळतं.

पेटीपासून १५-२० फुटांवर उथळ ताटलीत पाणी ठेवा, त्यात खडे किंवा काटक्या, म्हणजे माश्या बुडत नाहीत. ते कधीच आटू देऊ नका. एकदा माशीनं शेजाऱ्याच्या नळाची सवय लावून घेतली की ती मोडत नाही आणि भांडण तुमच्या दारात येतं.

स्टँडच्या पायांखाली वाट्या आणि वाट्यांत पाणी. उन्हाळ्यात ते दोन दिवसांत आटतं, म्हणून थोडं जळकं तेल टाका. एवढं करून गवताची एक काडी पेटीला टेकली असेल तर मुंग्यांना पूल मिळालाच. आजूबाजूचं गवत कापा. तारेवर वेडे राघू बसलेले दिसतील. माश्या खातातच, पण सबळ पेटीला त्यांच्यामुळे फारसं बिघडत नाही. फक्त नवी राणी मिलनासाठी बाहेर पडायच्या आठवड्यात त्यांना हुसकावा.

उन्हाळ्यात रसवंतीवर आणि गुऱ्हाळावर माश्यांचे ढीग दिसतात. टंचाईत त्या तिकडं जाणारच, तिथं बऱ्याच मरतात आणि आणलेला रस पेटीत आंबतो. यावर एकच उपाय, घरात अन्न असू द्या.

साखरेचं पाणी

एक किलो पांढरी साखर, एक लिटर पाणी. पाणी उकळून आच बंद करा, मग साखर विरघळवा. पाक करायचा नाही, साखर करपली तर माशीला बाधते. गूळ, काकवी नको, माश्यांना हगवण लागते. बाजारातला मधही नको, त्यातून रोग येतो. पाच-सहा फ्रेमच्या सातेरीला एका वेळी २०० ते २५० मिली पुरे, आठवड्यातून दोनदा. झाकणाला आठ-दहा बारीक भोकं पाडलेली बरणी भरून रिकाम्या कोठीत फ्रेमवर उलटी ठेवा. द्यायचं ते अंधार पडताना आणि सगळ्या पेट्यांना एकाच दिवशी, एका थेंबाचीही सांडलवंड न करता. सकाळी उरलेलं काढून घ्या. मधकोठी चढवलेल्या पेटीला साखर अजिबात नाही.

पेटी सोडून जायच्या खुणा

सातेरी अचानक पळाली असं म्हणतात, पण ती आठ-दहा दिवस आधी सांगत असते. पराग येणं बंद होतं, अंडी आणि लहान अळ्या दिसत नाहीत, फक्त शेवटची बंद पिल्लं उरलेली असतात, साठा झपाट्यानं संपतो, राणीचं पोट आकसतं. बंद पिल्लं बाहेर पडली की सगळा लवाजमा एका सकाळी निघून जातो. हे दिसलं की कारण शोधा: ऊन, मुंग्या, मेणकिडा की भूक. ते दूर करा, साखरेचं पाणी द्या आणि दुसऱ्या निरोगी पेटीतली उघड्या अळ्यांची एक फ्रेम घाला. अळ्या सोडून जायला त्या सहसा तयार होत नाहीत. दाराला राणीजाळी (कामकरी माशी जाते, राणी जात नाही अशी जाळी) लावून चार-पाच दिवस मिळवता येतात, पण कारण दूर केलं नाही तर जाळीमागे नुसत्या कोंडलेल्या माश्या राहतात.

घाटमाथ्यावर मध काढताना

पिल्लांच्या कोठीतल्या सात-आठ फ्रेम माश्यांनी भरल्या आणि वरच्या पट्ट्यांवर ताजं पांढरं मेण दिसलं की मधकोठी चढवा. मधफ्रेमची तीन-चतुर्थांश घरं बंद झाल्याशिवाय मध काढू नका, पाणी जास्त राहून तो आंबतो. मध मधकोठीतलाच घ्यायचा, खालच्या कोठीतला एक थेंबही नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर माशी जवळपास कोंडलेली असते. मेमधला खालचा मध हा तिचा पावसाळ्याचा शिधा आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यातली तपासणी यासाठीच: मधकोठी उतरवा, साठा बघा, छप्पर गळतं का बघा आणि पेटीला दाराकडे किंचित उतार द्या.

फवारणी

एप्रिलच्या खरड छाटणीनंतर द्राक्षबागेत फवारण्या सुरू होतात. तासगाव-मिरज पट्ट्यात बागवाल्याशी आधीच बोलून ठेवा. संध्याकाळी माशी परतल्यावर फवारा मारला आणि बागेतलं फुललेलं तण आधी कापलं, तर बरंच नुकसान टळतं. फवारणी दिवसाच होणार असेल तर आदल्या रात्री दार जाळीनं बंद करा, वर ओलं गोणपाट टाका, पेटी पूर्ण सावलीत आणि हवेशीर हवी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आत उघडा. उन्हाळ्यात याहून जास्त वेळ कोंडलं तर विष टळेल, पण उकाड्यानं पेटी जाईल.

डंख

नांगी मागं राहिली तर नखानं किंवा पटाशीनं लगेच खरवडून काढा. कशी काढता यापेक्षा किती लवकर काढता याला महत्त्व आहे. त्या जागी धूर द्या म्हणजे इशाऱ्याचा वास झाकला जातो. सूज आणि खाज नेहमीची. पण अंगभर गांधी उठणं, ओठ-चेहरा सुजणं, धाप लागणं, चक्कर येणं यातलं काहीही दिसलं तर पेटी आहे तशी सोडा आणि १०८ ला फोन करा किंवा थेट दवाखाना गाठा. म्हणून एकट्यानं, कुणालाही न सांगता पेटी उघडू नये.

झाकण लावल्यावर वहीत चार गोष्टी टिपा: तारीख, माश्यांनी भरलेल्या फ्रेम किती, अंडी दिसली का, बंद मध किती. काढलेलं किंवा घातलेलं काही असेल तर तेही. दुसऱ्या दिवशी सकाळी पराग येतोय का हे दारावरून बघा. येत असेल तर पुढच्या ठरलेल्या तारखेपर्यंत झाकणाला हात लावायचं कारण नाही. मधेच वळीव झोडपून गेला तर फक्त झाकण सरकलं नाही ना आणि पायाखालच्या वाट्या चिखलानं भरल्या नाहीत ना, एवढं बघा.